के४० नंतरचा एक आकडा

हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या कुणाची तरी फाइल घरात असेल, तर ती उघडा आणि विम्याच्या क्लेम फॉर्मचा रुग्णालयाने भरलेला भाग काढा. त्यात एका अरुंद चौकटीत एक रोमन अक्षर, दोन आकडे, एक टिंब आणि टिंबानंतर आणखी एक आकडा दिसेल: के४०.९. रुग्ण ते वाचत नाही, घरचे वाचत नाहीत. पण हीच चार चिन्हं नांदेडमध्ये, नैरोबीत किंवा लिस्बनमध्ये एखाद्या जाणकारापुढे ठेवा. रुग्णाचं नाव-गाव, भाषा, वय यातलं काहीही ठाऊक नसताना तो सांगेल: जांघेतला हर्निया आहे, एका बाजूचा म्हणून धरलाय, आत काही अडकलेलं नाही, सडलेलं नाही.

चार चिन्हांत एवढं कसं मावलं? आणि त्याहून नवलाचं म्हणजे, जांघेत एवढ्या गोष्टी घडत असताना नेमक्या याच का निवडल्या?

आधी जांघेत काय घडतं ते पाहू. पुरुषाची वृषणं गर्भात तयार होतात ती पार वर, मूत्रपिंडांच्या शेजारी. तिथून ती हळूहळू खाली सरकतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास पोटाची भिंत पार करून बाहेर पडतात. जाताना रक्तवाहिन्या, मज्जातंतू, वीर्यवाहिनी असा सगळा दोर मागे ओढत नेतात. त्या दोरासाठी भिंतीत एक तिरपा बोगदा उरतो; मोठ्या माणसात तो जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो. पायजम्याचा नेफा आठवा. कापड सगळीकडे घट्ट शिवलेलं असलं, तरी नाडी बाहेर पडते तिथे भोक ठेवावंच लागतं आणि कापड विरतं तेही बहुधा तिथूनच. वृषणाबरोबर पोटाच्या आतल्या अस्तराची एक चिंचोळी पिशवीही खाली उतरते. ती पुढे मिटायला हवी. मिटली नाही, तर त्या तयार वाटेने आतडं खाली येतं आणि आई सांगते, बाळ रडलं की जांघेत फुगतं. उजवं वृषण डाव्यापेक्षा उशिरा उतरतं, म्हणून हा हर्निया उजवीकडे जास्त. जन्मापूर्वीच्या काही दिवसांच्या विलंबाचा हिशेब ऑपरेशन थिएटरच्या यादीत दिसतो!

दुसरी वाट वयाबरोबर उघडते. वर्षानुवर्षं जोर पडून, खोकून, कुंथून, किंवा नुसत्या म्हातारपणाने भिंतीचा पातळ भाग सैल होतो आणि आतडं त्याला सरळ पुढे ढकलतं. पहिली वाट आणि ही वाट यांच्या मधोमध एक बारीकशी रोहिणी उभी असते. फुगवटा तिच्या बाहेरच्या अंगाने आला की 'इनडायरेक्ट', आतल्या अंगाने आला की 'डायरेक्ट'. आणि या दोन्हींच्या थोडं खाली, मांडीत जाणाऱ्या मोठ्या शिरेला खेटून, तिसरी एक फट असते. तिच्यातून उतरला तर तो फीमोरल हर्निया. हा बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो आणि अडकण्यात पहिल्या दोघांपेक्षा फार वाईट. पुरुषांत सुमारे चौघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेतला हर्निया होतो, बायकांत शंभरात तिघींना, असा अंदाज वैद्यकीय लेखनात नेहमी दिला जातो. जगभरात वर्षाला २ कोटींहून जास्त ऑपरेशनं याच एका वीतभर जागेत होतात.

आता कोडकडे वळू. आयसीडी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण. त्याच्या दहाव्या आवृत्तीत 'के' हे अक्षर पचनसंस्थेचं. के४० म्हणजे जांघेतला हर्निया, के४१ फीमोरल, के४२ बेंबीचा. सर्जन ज्या रोहिणीवरून डायरेक्ट-इनडायरेक्ट ठरवतो, ती रोहिणी कोडमध्ये कुठे आहे? कुठेच नाही. के४० च्या पोटात दोन्ही एकत्र. दोन महिन्यांचं बाळ आणि सत्तरीचे आजोबाही एकत्र. जन्मजात असो वा नंतर झालेला, वर्गीकरण त्यांना वेगळं काढत नाही. टिंबानंतरचा आकडा फक्त तीन गोष्टी विचारतो. फुगवटा दोन्ही बाजूंना आहे का? आत काही अडकलंय का? अडकलेलं काळं पडलंय का?

बस्स. दोन्ही बाजू आणि अडकलेलं, तर ०. दोन्ही बाजू आणि गँगरीन, तर १. दोन्ही बाजू, पण सगळं ठीक, तर २. एक बाजू अडकलेली ३, एक बाजू सडलेली ४, आणि एक बाजू, काही भानगड नाही, तर ९. दोन बाजूंचे पर्याय, तीन अवस्था, मिळून सहा खोल्या. ५ ते ८ या जागा मोकळ्याच ठेवल्यात. या वर्गीकरणाला जागा राखून ठेवायची सवय आहे. 'यू' या अक्षराखालची तर एक अख्खी रांग अजून जन्मालाच न आलेल्या आजारांसाठी ठेवली होती. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्याला नवं घर बांधावं लागलं नाही, यू०७.१ ही खोली तयार होती.

के४१ ला, म्हणजे फीमोरल हर्नियाला, हेच सहा आकडे याच अर्थाने आहेत. एक पाठ केलं की दुसरं आपोआप आलं. आणि के४२? बेंबीच्या हर्नियाला खोल्या फक्त तीन: अडकलेला, सडलेला, साधा. दोन्ही बाजूंचा प्रश्नच विचारलेला नाही, कारण माणसाला बेंबी एकच असते! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तो रुक्ष तक्ता पुन्हा वरपासून वाचायला घेतला. शरीराची रचना अशी आकड्यांच्या रचनेत उतरलेली पाहायला मिळते, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पण 'अडकलेलं' आणि 'काळं पडलेलं' हे वेगवेगळे प्रश्न का? एक दुसऱ्याची पुढची पायरी नाही का?

बहुतेक वेळा आहे. आतड्याचा वेढा अरुंद भोकात शिरतो आणि आवळला जातो. आवळताना आधी दबतात त्या शिरा, कारण त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी. रोहिणी मात्र रक्त आत ढकलतच राहते. रक्त येतंय, जात नाही. आतडं सुजतं, सुजलं की भोक आणखी घट्ट होतं, आणि शेवटी रोहिणीही बंद पडते. मग काही तासांचा खेळ. म्हणून तर जांघेतला फुगवटा आडवं झाल्यावरही आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र काढायची नसते. थेट रुग्णालय गाठायचं असतं.

या क्रमाला एक भयंकर अपवाद आहे. कधी कधी आतड्याचा पूर्ण वेढा अडकत नाही; त्याच्या भिंतीचा एक कोपरा तेवढा भोकात चिमटला जातो. उरलेल्या पोकळीतून सगळं सुरळीत वाहत राहतं. पोट साफ होतं, अडथळ्याचं एकही लक्षण नाही, आणि तो चिमटलेला कोपरा मात्र सडत असतो. अठराव्या शतकातल्या आउगुस्ट रिश्टर या जर्मन सर्जनच्या नावाने हा हर्निया ओळखला जातो. अडथळा नाही तरी गँगरीन आहे, अशी अवस्था खरोखर असते. म्हणून वर्गीकरणाने गँगरीनला स्वतंत्र खोली दिली आणि वर नियम घातला: दोन्ही असतील तर गँगरीनची खोली. कारण एकदा आतडं सडलं की ते कापून काढावं लागणार, मग वाट बंद होती की उघडी हा प्रश्न मागे पडतो.

'अडकलेलं' या खोलीचं दार मात्र मुद्दाम रुंद ठेवलंय. फुगवटा आत ढकलता येत नाही एवढंच असलं, उलटी नाही, पोटफुगी नाही, तरी तो याच खोलीत जातो. आज वाट मोकळी आहे, पण परतीचं दार बंद झालंय, आणि पुढचं संकट इथूनच सुरू होतं.

इथे मला या आकड्याचं खरं नवल दिसतं. कुठल्या वाटेने आतडं आलं, जन्मजात की नंतरचं, फुगवटा लिंबाएवढा की नारळाएवढा, यातलं काही त्याने विचारलं नाही. ज्या उत्तरावर माणूस वाचतो की जातो, ते मात्र विचारलं. ही निवड कुठल्या एका समितीला एका बैठकीत सुचलेली नाही. तिच्यामागे मेलेल्या माणसांच्या फार जुन्या याद्या आहेत.

लंडनमध्ये सतराव्या शतकात दर आठवड्याला मृत्यूंचे तक्ते निघत. पॅरिशने नेमलेल्या म्हाताऱ्या बायका घरोघर जाऊन प्रेत पाहायच्या आणि कारण सांगायच्या. जॉन ग्राउंट या कापडाच्या व्यापाऱ्याने ते तक्ते गोळा करून १६६२ मध्ये पुस्तक काढलं, म्हणून आज ते आपल्याला वाचता येतात. १६३२ सालचा तक्ता पाहा. 'दात' या कारणाने ४७० मृत्यू. हे बहुधा दात येण्याच्या वयातली बाळं असावीत. 'ग्रह' या कारणाने १३. भीतीने १. आणि या गोंधळात एक ओळ आहे, 'फुटणे आणि फाटणे', मृत्यू ९. पोटाची भिंत फाटून आतडं बाहेर आलं, याला तेव्हाचा इंग्रजीतला शब्द हाच होता. ज्वर, ग्रह आणि दात यांच्या गर्दीत आपला हर्निया स्वतःची ओळ घेऊन उभा आहे. का? कारण तो दिसायचा. शिकलेला वैद्य नसला तरी प्रेताची जांघ पाहून कुणीही सांगू शकत होतं.

दोनशे वर्षांनी विल्यम फार नावाचा डॉक्टर इंग्लंडच्या मृत्युनोंदणी कार्यालयात आला. एकाच रोगाला चार नावं आणि एकाच नावाखाली चार रोग, हे पाहून तो हैराण झाला. १८५३ मध्ये ब्रसेल्सला संख्याशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे आशील गियार या फ्रेंच माणसाने ठराव मांडला की सगळ्या देशांसाठी एकच यादी करावी. काम दिलं फारला आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पीनला. दोघांनी दोन अगदी निराळ्या याद्या आणल्या. देस्पीनने रोगाच्या स्वभावावरून गट पाडले होते. फारने एक मोठा गट शरीरातल्या जागेवरून पाडला होता: रोग कुठे आहे ते आधी सांगा. १८५५ मध्ये तडजोड म्हणून १३९ नावांची यादी झाली, पण पुढे टिकला तो फारचा विचार. १८९३ मध्ये शिकागोच्या सभेत मान्य झालेली यादी बनवली पॅरिस शहराच्या संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख झाक बेर्तियों याने, फारचाच धागा पकडून. हा बेर्तियों कोण? ब्रसेल्समध्ये ठराव मांडणाऱ्या गियारचा नातू! आणि त्याचा सख्खा भाऊ आल्फाँस तिकडे पॅरिसच्या पोलिसांत गुन्हेगारांच्या कानांची, बोटांची, डोक्याची मापं घेऊन त्यांची ओळख पटवण्याची पद्धत बसवत होता. एका भावाने माणसं ओळखायची रीत घालून दिली, दुसऱ्याने मरणं ओळखायची.

बेर्तियोंच्या यादीची १९०९ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात १०९ व्या क्रमांकाला काय आहे? 'हर्निया, आतड्यातला अडथळा'. दोन्ही एकाच ओळीत, गळ्यात गळा घालून. वास्तविक हर्निया हा भिंतीचा दोष. भगदाड पडतं ते स्नायूंत आणि पडद्यांत. आतडं बिचारं निर्दोष. तरी आजही हर्निया स्नायूंच्या प्रकरणात नाही, पचनसंस्थेच्या 'के' खाली आहे. भिंत फाटल्याने माणूस मरत नाही. फाटलेल्या भिंतीत आतडं अडकलं की मरतो, आणि यादी मुळात मरणांची होती. १९४८ मध्ये हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलं आणि सहाव्या आवृत्तीपासून जिवंत माणसांचे आजारही तिच्यात मोजले जाऊ लागले. पण घर जुनंच राहिलं.

मृत्यूच्या दाखल्यात हा हिशेब अजून जिवंत आहे. डॉक्टर वरच्या ओळीत अखेरचं कारण लिहितो, समजा पोटात पसरलेला पू. त्याखाली, तो कशामुळे, तर आतड्याला पडलेलं छिद्र. त्याखाली, ते कशामुळे, तर अडकून सडलेला हर्निया. आकडेवारीसाठी मोजली जाते ती बहुतेक वेळा सगळ्यात खालची ओळ, जिथून घसरण सुरू झाली ती. भारतात डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या मृत्यूंची सरकारी आकडेवारीही याच आयसीडीच्या खोल्यांत भरली जाते. ज्या आजाराचं साधं ऑपरेशन वेळेत झालं असतं तर माणूस घरी गेला असता, त्याचं नाव त्या तळच्या ओळीमुळेच कळतं.

मग हा आकडा लिहितं कोण? बहुधा डॉक्टर नव्हे. रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात, एमआरडीत, कोडर बसलेला असतो. आपल्याकडे नवी मुंबईत आणि पुण्यात तर अशी कार्यालयं आहेत जिथे मराठी मुलंमुली रात्रीच्या पाळीत अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कागद कोडमध्ये बसवतात. रुग्ण ओहायोचा, कोडर ठाण्याचा. कोडर आधी वर्णानुक्रमाच्या सूचीत 'हर्निया' शोधतो, तिथून 'जांघेतला', तिथून 'अडथळ्यासह', आणि मग मुख्य तक्त्यात जाऊन पडताळतो. एक नियम त्याने कधीच मोडायचा नसतो: अंदाज करायचा नाही. उलट्या, ताप, घाईने रात्री केलेलं ऑपरेशन, सगळं कागदावर दिसत असलं तरी 'अडकलेला' असं डॉक्टरने लिहिलं नसेल, तर कोडर ते स्वतःच्या मनाने लिहू शकत नाही. तो डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो.

आणि उत्तर आलंच नाही तर? तर ९. आता कळेल की ९ ही सहा खोल्यांतली सगळ्यात गजबजलेली खोली का असणार. एका बाजूचा साधा हर्निया तिथे जातो. आणि बाजू कोणती, अडकला होता का, यातलं काहीच न लिहिलेला हर्नियाही तिथेच जातो. बाजू लिहिली नाही म्हणजे एक धरायची, अडथळा लिहिला नाही म्हणजे नाही असं धरायचं. डॉक्टरच्या घाईघाईच्या एका ओळीमुळे रात्रभर झुंजलेला रुग्ण आकडेवारीत साधा होऊन जातो, ही मला या सगळ्यातली सगळ्यात जपून लक्षात ठेवण्याची गोष्ट वाटते.

अमेरिकेने आपल्या आवृत्तीत टिंबानंतर आणखी एक आकडा जोडला: ऑपरेशननंतर पुन्हा झालेला असेल तर १, नाही तर ०. सहाच्या बारा खोल्या झाल्या. के४०.९१ म्हणजे एका बाजूचा, साधा, पण परत आलेला. तिथल्या आवृत्तीत कोडची एकूण संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे. हाड मोडलं तर डावं की उजवं, हे ती बारकाईने विचारते. आणि जांघेतला हर्निया? एक की दोन एवढंच विचारलंय. एक असेल तर डावा की उजवा, ते विचारलेलंच नाही. ज्या फुगवट्याचं उजवीकडे असणं गर्भातच ठरतं, त्याची बाजू या कोडवरून कधीच कळत नाही.

सर्जनांना एवढ्यावर भागत नाही, म्हणून त्यांची निराळी भाषा आहे. युरोपियन हर्निया सोसायटीने वापरात आणलेल्या पद्धतीत रोहिणीच्या बाहेरचा तो 'एल', आतला 'एम', फीमोरल तो 'एफ', पहिल्यांदा झालेला 'पी', परत आलेला 'आर'. भोकाचं माप मोजायचं कशाने? सर्जनच्या स्वतःच्या तर्जनीने. टोकाची रुंदी साधारण दीड-दोन सेंटिमीटर. एक बोट मावलं तर १, दोन मावली तर २, त्याहून मोठं तर ३. 'पीएल२' एवढं लिहिलं की दुसऱ्या सर्जनच्या डोळ्यांसमोर अख्खी जांघ उभी राहते. आयसीडीने जे गाळलं त्यातलं बरंच यात आहे, आणि आयसीडीने जे विचारलं, अडकलं का, सडलं का, ते यात नाही.

दोन्ही भाषा एकत्र बोलता येतील का? त्याची सोय आता होते आहे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत जांघेतला हर्निया डीडी५१ झाला. दुसऱ्या जागी नेहमी अक्षर, म्हणजे दहाव्या आवृत्तीशी कधी गल्लत होऊ नये. तिसऱ्या जागी नेहमी आकडा, कारण सलग अक्षरांतून चुकून एखादा अभद्र शब्द बनू नये! आय आणि ओ ही अक्षरं टाळली, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. आणि मूळ कोडला जोडकोड लावून वाक्य वाढवता येतं: बाजू सांगायला उजवीसाठी एक्सके९के, डावीसाठी एक्सके८जी. कोड आता लांबवता येतो, हवं तेवढंच.

याच्याही खाली आणखी एक थर आहे, डॉक्टरच्या टेबलावरच्या संगणकातला. स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा प्रचंड कोश २०१४ पासून भारतात वापरायला खुला आहे आणि त्याचं देशातलं वितरण पुण्याच्या सी-डॅकमधून चालतं. त्यात डायरेक्ट हर्नियाला वेगळा क्रमांक आहे, इनडायरेक्टला वेगळा. डॉक्टरने तपासताना तिथे बारीक नोंद करायची आणि ठरलेल्या जोडणीतून संगणकाने तिचा आयसीडी कोड सुचवायचा. रोहिणीच्या अलीकडचा असो वा पलीकडचा, दोन्ही क्रमांक शेवटी के४० मध्येच येऊन पडतात, पण मूळ नोंद मागे शाबूत राहते.